रोमन चांदीचं नाणं वाचायला शिका: डिनारियसची पायरी-पायरीनं ओळख

डिनारियस हे रोमचं चांदीचं नाणं. इ.स.पू. २११च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध पेटलेलं असताना ते पहिल्यांदा पाडलं गेलं आणि पुढची सुमारे साडेचारशे वर्षं सैनिकांचा पगार आणि बाजारातले मोठे व्यवहार त्यावर चालले. ऑगस्टसच्या काळात २५ डिनारियस म्हणजे सोन्याचा एक ऑरियस, आणि एक डिनारियस म्हणजे ४ सेस्टर्शियस किंवा १६ अ‍ॅस असा हिशेब होता.

नवशिक्यानं सुरुवात डिनारियसपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. सोन्याची नाणी सहसा बघायला मिळत नाहीत, तांब्याची बरीचशी झिजून किंवा गंजून गेलेली असतात. चांदीवरचा चेहरा आणि अक्षरं मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. शिवाय सम्राटाला प्रजेच्या गळी काय उतरवायचं होतं, ते इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कुठेच सापडत नाही. कुठल्याही डिनारियसचा फोटो समोर आला तर तो कोणाचा, साधारण कोणत्या वर्षाचा आणि त्यावरचं चित्र कशाचा दावा करतंय, हे तुम्हाला स्वतः सांगता यावं यासाठी हा लेख आहे.

पायरी १: विकत घेण्याची घाई नको, आधी भरपूर बघा

पहिले काही महिने खिशात हात घालू नका. 'ओसीआरई' नावाची एक मोफत ऑनलाइन सूची आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातली प्राचीन जगाच्या अभ्यासाची संस्था मिळून ती चालवतात. ऑगस्टसपासून पुढच्या सम्राटांची नाणी तिथं सम्राट, धातू, टाकसाळ, देवता, लेख अशा कुठल्याही धाग्यानं शोधता येतात आणि बऱ्याच नोंदींसोबत फोटोही असतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही ऑनलाइन खुला आहे.

एक सम्राट निवडा आणि त्याचीच पन्नास-साठ डिनारियस नाणी सलग बघा. वेगवेगळ्या सम्राटांची पाचशे नाणी वरवर चाळण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. माझा सल्ला ट्राजनपासून सुरुवात करण्याचा. त्याच्या नाण्यांवरची अक्षरं सुबक आहेत, चित्रांत वैविध्य आहे आणि नाणी विपुल आहेत.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांसाठी मात्र चेन्नईचं एग्मोरचं सरकारी संग्रहालय चुकवू नये.

पायरी २: आकार आणि वजन

डिनारियसचा व्यास साधारण १७ ते २० मिलिमीटर, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याच्या आसपास किंवा किंचित लहान, पण हाताला जाड लागणारा. ऑगस्टसच्या काळातलं वजन सुमारे ३.९ ग्रॅम. इ.स. ६४ मध्ये नीरोनं ते घटवून सुमारे ३.४ ग्रॅमवर आणलं. वजन हा पहिला पुरावा, म्हणून नोंदवहीत तो सगळ्यात वर लिहायचा.

नाणं गोल नसेल, चित्र एका बाजूला सरकलेलं असेल, कडेला चिरा असतील तर बिचकू नका. ही नाणी हातानं पाडलेली आहेत. दर्शनी बाजूचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर मागच्या बाजूचा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. चकती जरा हलली की सम्राटाच्या नावातली दोन अक्षरं गेलीच. घाव थेट वरच्या ठशावर बसायचा, त्यामुळे तो लवकर फुटायचा. म्हणूनच दर्शनी बाजू एकाच ठशाची आणि मागची बाजू निरनिराळ्या ठशांची, अशी नाणी सर्रास दिसतात.

पायरी ३: चेहरा

आता दर्शनी बाजू. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर येणं ही साधी गोष्ट नव्हती. देव, पूर्वज, रोमा देवी हे चालायचं. इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला सिनेटच्या परवानगीनं ज्युलियस सीझरचा चेहरा नाण्यावर आला, आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. गंमत अशी की त्याला मारणाऱ्या ब्रुटसनं दोन वर्षांनी स्वतःच्या चेहऱ्याचं नाणं काढलं. त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख आहे. तिथून पुढे हळूहळू सम्राटाच्या चेहऱ्याशिवाय नाणं ही कल्पनाच मागे पडली.

चेहरा ओळखताना डोक्यापासून सुरुवात करा. पानांचा मुकुट दिसतोय का? तो लॉरेलचा, विजयाचा, आणि सम्राटांच्या डिनारियसवर बहुतेक वेळा तोच असतो. डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असतील तर थांबा. ते नाणं बहुधा डिनारियस नाही. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलानं काढलेलं, दोन डिनारियसच्या मोलाचं मानलं जाणारं ते मोठं नाणं आहे. अभ्यासक त्याला अँटोनिनियानस म्हणतात. त्याच नाण्यावर राणी असेल तर तिच्या खांद्याखाली चंद्रकोर असते.

मग दाढी. हेड्रियन, म्हणजे इ.स. ११७च्या आधीचे सम्राट जवळपास सगळे सफाचट. नीरोच्या गालावर कधीमधी केसांची रेघ दिसते, तेवढीच. हेड्रियननं पूर्ण दाढी ठेवली आणि त्याच्यानंतर शंभर वर्षं तोच रिवाज झाला. म्हणजे नुसत्या दाढीवरूनही तुम्ही काळाचे दोन भाग पाडू शकता.

नीरोची नाणी क्रमानं लावून बघा. सुरुवातीला कोवळं पोर, मग हळूहळू मान जाड, हनुवटीखाली मांस, शेवटी कुरळ्या केसांचे पायऱ्यांसारखे थर. कॅराकॅलाचं तर बालपणच नाण्यांवर आहे. गोबऱ्या गालांचा मुलगा, मग मिसरूड फुटलेला तरुण, आणि भावाला संपवून एकटा सत्तेवर आल्यावर कपाळावर आठ्या आणि रागीट नजर. हा राग कोरणाऱ्याच्या मनचा म्हणता येणार नाही. सैन्याला आपण कसे दिसावे हे त्यानं ठरवलेलं होतं.

राण्यांच्या बाबतीत केशरचना बघा. सेप्टिमियस सेव्हेरसची सीरियातली पत्नी ज्युलिया डोम्ना एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही. कानांवरून खाली येणाऱ्या जाड लाटा आणि मागे मोठा अंबाडा.

पायरी ४: कडेची अक्षरं

इथं बहुतेक जण हात टेकतात, आणि तसं करायचं काहीच कारण नाही. लॅटिन यायची गरज नाही. बारा-पंधरा संक्षेप पाठ केले की काम भागतं. तीन गोष्टी आधी लक्षात ठेवा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. 'यू'चं अक्षर 'व्ही'सारखं कोरतात, त्यामुळे ऑगस्टसच्या नावात 'ए'नंतर 'व्ही' दिसेल. आणि 'जे' हे अक्षर नाही, तिथं 'आय' असतो. लेख बहुधा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो.

आता संक्षेप, रोमन लिपीतली अक्षरं आपण ज्या नावांनी ओळखतो त्याच नावांनी. आय-एम-पी म्हणजे इंपरेटर, विजयी सेनापती. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. डी-आय-व्ही-आय आणि पुढे एफ म्हणजे देवत्व पावलेल्या अमक्याचा मुलगा. पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित. पी-पी म्हणजे राष्ट्रपिता. एस-पी-क्यू-आर म्हणजे सिनेट आणि रोमन जनता. जी-ई-आर, डी-ए-सी, पी-ए-आर-टी ही जिंकलेल्या लोकांवरून घेतलेली बिरुदं: जर्मानिया, डाचिया (आजचा रुमानिया), पार्थिया (आजच्या इराणकडचं साम्राज्य).

यात दोन संक्षेप सोन्याच्या मोलाचे. पहिला टी-आर-पी, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे अधिकार. हे सम्राटाला दर वर्षी नव्यानं मिळत आणि पुढे आकडा वाढत जाई. दुसरा सी-ओ-एस, म्हणजे किती वेळा कॉन्सल, रोमचा वर्षभराचा सर्वोच्च पदाधिकारी, झाला. या दोन आकड्यांवरून नाण्याची तारीख निघते.

एक नाणं प्रत्यक्ष सोडवू. दर्शनी बाजूला ट्राजनचं डोकं आणि लेखात आय-एम-पी, ट्राजानो, ए-व्ही-जी, जी-ई-आर, डी-ए-सी, पी-एम, टी-आर-पी. मागे सी-ओ-एस-व्ही, पी-पी, एस-पी-क्यू-आर आणि 'ऑप्टिमो प्रिंच'. डाचियाचं बिरुद त्याला इ.स. १०२च्या शेवटी मिळालं, म्हणजे नाणं त्यानंतरचं. इथं टी-आर-पीपुढे आकडा नाही, पण सी-ओ-एसपुढचा 'व्ही' म्हणजे पाच आहे. पाचव्यांदा तो १०३ मध्ये कॉन्सल झाला आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे हे नाणं १०३ ते १११ या नऊ वर्षांतलं. आणि सगळं सलग वाचलं तर ते अर्पणपत्र आहे: सम्राट ट्राजनला, सर्वोत्तम राज्यकर्त्याला, सिनेट आणि रोमन जनतेकडून.

एका सापळ्यापासून सावध राहा. 'अँटोनिनस' वाचलं की लगेच अँटोनिनस पायस म्हणून मोकळे होऊ नका. मार्कस ऑरेलियस, कॅराकॅला आणि एलागाबालस हे तिघंही नाण्यांवर अँटोनिनस आहेत. कॅराकॅला हे तर टोपणनाव, ते नाण्यावर कधीच येत नाही. इथं अक्षरांपेक्षा चेहरा जास्त खरं सांगतो. तसंच टी-आयनं सुरू होणारं नाव टायबेरियसचंही असतं आणि क्लॉडियसचंही.

पायरी ५: मागच्या बाजूला आधी हात बघा

मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक उभी किंवा बसलेली आकृती असते आणि नवख्याला सगळ्या सारख्याच वाटतात. तोंडाकडे बघू नका, हातात काय आहे ते बघा. आपल्याकडे मूर्ती ओळखताना आयुधं बघतात, तीच रीत.

तराजू असेल तर इक्विटास, म्हणजे चोख व्यवहार, किंवा टाकसाळीची देवता मोनेटा. या दोघी अगदी सारख्या दिसतात, तिथं लेखच बघावा लागतो. सुकाणू असेल तर फॉर्च्युना, दैव. ऑलिव्हची डहाळी असेल तर पॅक्स, शांतता. सापाला वाटीतून खाऊ घालणारी सॅलस, म्हणजे आरोग्य आणि सुरक्षितता. एका हातात फूल आणि दुसऱ्या हातानं वस्त्राचा काठ उचललेली स्पेस, आशा, आणि ती बऱ्याचदा राजपुत्रांच्या नाण्यांवर येते. पंख आणि हार असेल तर व्हिक्टोरिया. फळाफुलांनी भरलेलं शिंग पुष्कळ जणींच्या हातात असतं, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका, दुसऱ्या हाताकडे बघा. देवांमध्ये वज्र असलेला जुपिटर, भाला आणि शिरस्त्राण असलेला मार्स आणि सफरचंद धरलेली व्हीनस या खुणा पुरेशा आहेत.

पायरी ६: चित्र काय पटवून देतंय?

आतापर्यंत आपण ओळखत होतो. आता खरं वाचन. यासाठी एकच सवय लावून घ्या: मागचं चित्र आणि नाण्याची तारीख शेजारी-शेजारी ठेवायची आणि त्या वर्षी खरोखर काय चाललं होतं ते बघायचं.

ओथो हा सम्राट इ.स. ६९ मध्ये १५ जानेवारी ते १६ एप्रिल, जेमतेम तीन महिने गादीवर होता. आधीच्या सम्राटाचा भर चौकात खून करवून तो आला आणि यादवी युद्धात हरल्यावर त्यानं स्वतःचा जीव घेतला. त्याच्या डिनारियसवर डहाळी घेतलेली पॅक्स आहे आणि भोवती लेख: साऱ्या जगाची शांतता. ऱ्हाईनकडून शत्रूचं सैन्य इटलीत उतरत असताना टाकसाळीत हे नाणं पाडलं जात होतं. पगार घेणाऱ्या सैनिकाच्या हातात ते पडलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार मला हे नाणं बघताना दर वेळी पडतो.

दुसरं उदाहरण नेर्व्हाचं. त्याच्या नाण्यावर फक्त दोन हात आहेत, एकमेकांत घट्ट मिळवलेले, आणि काही नाण्यांवर त्यामागे सैन्याचं निशाण. लेख आहे 'सैन्यांची एकजूट'. इ.स. ९७ मध्ये याच नेर्व्हाला त्याच्याच प्रीटोरियन रक्षकांनी राजवाड्यात वेढलं होतं. म्हातारा, अपत्य नाही, पाठीशी सैन्य नाही. त्यानं त्याच वर्षी ट्राजनला दत्तक घेतलं, कारण ट्राजनच्या हाताखाली खरोखरचं सैन्य होतं. हातात हात दाखवणारी नाणी दिसली की मी आधी तिथं कुठली फूट लपलीय ते शोधतो, आणि ती बहुधा सापडते.

चित्रानं घटनेचा रंग कसा बदलतो हे ऑगस्टसच्या नाण्यांवर बघावं. पार्थियनांनी इ.स.पू. ५३च्या युद्धात रोमन सैन्याची निशाणं हिसकावून नेली होती. इ.स.पू. २० मध्ये ऑगस्टसनं ती परत मिळवली, वाटाघाटी करून, लढाई न करता. इ.स.पू. १९च्या सुमाराच्या डिनारियसवर मात्र एक पार्थियन गुडघ्यावर बसून निशाण पुढे करतोय. कराराचं चित्र शरणागतीसारखं काढलंय. लढाई झाल्याचं नाण्यावर कुठंही म्हटलेलं नाही, बघणाऱ्यानं ते स्वतः समजून घ्यायचं.

ट्राजनच्या काळात हीच भाषा आणखी बारीक होते. डाचिया दोन रक्तरंजित युद्धांनंतर इ.स. १०६ मध्ये जिंकला. नाण्यावर डाचियन माणूस शस्त्रांच्या ढिगावर खाली मान घालून बसलाय, काही नाण्यांवर हात मागे बांधलेले. त्याच वर्षी नबातियनांचं राज्य, पेट्रा शहरासह, साम्राज्याला जोडलं. त्या नाण्यावर अरबस्तान ही ताठ उभी असलेली स्त्री आहे, हातात डहाळी, पायाशी छोटासा उंट. लेखही निराळे: डाचिया 'जिंकलेला', अरबस्तान 'मिळवलेला'. एक बसलेला, एक उभी. ही दोन नाणी शेजारी ठेवली की रोमन चित्रभाषेचं अर्धं व्याकरण कळतं.

व्हेस्पेसियननं ज्यू बंडाचा मोड केल्यावर काढलेल्या नाण्यांवरही तीच बसलेली, शोक करणारी स्त्री आहे, विजयस्तंभाखाली. हेड्रियनच्या प्रांतमालिकेत मात्र एकही प्रांत रडत नाही. इजिप्त आरामात टेकून बसलाय, समोर आयबिस पक्षी. आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचं मस्तक. हिस्पानियापाशी ससा. हेड्रियननं उभं साम्राज्य पायाखाली घातलं होतं आणि नवे मुलूख जिंकण्याचं धोरण सोडलं होतं, त्याला ही चित्रं धरून आहेत.

पायरी ७: चित्राखालची चांदी

चित्र कितीही भव्य असलं तरी ते कशावर पाडलंय हे विचारायचंच. नीरोनं इ.स. ६४ मध्ये वजनाबरोबर कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जवळपास निम्म्यावर आली, कारण त्याला सैन्याचा पगार वाढवायचा होता. इ.स. २६०च्या दशकात गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांतली अँटोनिनियानस नाणी म्हणजे तांब्यावर चांदीचा नुसता पातळ थर. त्याच नाण्यांवर जुपिटर, अपोलो, डायना अशा देवांना एकामागून एक 'सम्राटाचा रक्षक' म्हणून हाक मारलेली आहे.

लोकांना हे कळत होतं. हिणकस नाणं आधी खर्चायचं आणि कसाचं नाणं मडक्यात ठेवायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मार्क अँटनीनं इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्यासाठी काढलेल्या डिनारियसवर एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला पलटणीचा क्रमांक आहे. त्यांत चांदी कमी होती, म्हणून कुणी ती साठवलीही नाहीत आणि वितळवलीही नाहीत. ती दोनशे वर्षं हातोहात फिरत राहिली. आज ती बहुधा इतकी गुळगुळीत सापडतात की जहाजाची वल्ही मोजता येत नाहीत.

पायरी ८: भारतात आलेली दोन चित्रं

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोनच प्रकारांचा मोठा भरणा आहे, आणि मराठी वाचकानं ते ओळखायला शिकलंच पाहिजे.

पहिला ऑगस्टसचा. मागच्या बाजूला दोन तरुण उभे, मधे दोन ढाली, मागे भाले, आणि वर मोकळ्या जागेत दोन छोट्या वस्तू: पुरोहिताची पळी आणि शकुन बघणाऱ्याची वाकडी काठी. हे गायस आणि ल्युशियस, ऑगस्टसचे नातू, ज्यांना त्यानं दत्तक घेऊन वारस नेमलं होतं. ल्युशियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये. दोघंही गादीवर बसले नाहीत. त्यांचं चित्र मात्र कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पोचलं.

दुसरा टायबेरियसचा. मागे उंच आसनावर उजवीकडे तोंड करून बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी, आणि भोवती 'पाँटिफ मॅक्सिम', मुख्य पुरोहित. ही त्याची आई लिव्हिया असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, पण नाण्यावर तिचं नाव नाही. टायबेरियसनं २३ वर्षांच्या राजवटीत हेच चित्र जवळजवळ न बदलता चालू ठेवलं. बायबलमधला 'सीझरचे ते सीझरला द्या' हा प्रसंग सांगताना याच नाण्याचं चित्र दाखवायची प्रथा आहे.

हे दोनच प्रकार इतके का? एक कारण चांदीचं. नीरोच्या आधीची ही नाणी वजनानं आणि कसानं भक्कम होती, आणि त्याच्यानंतरचे डिनारियस भारतात फार कमी सापडतात. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: ओळखीचं चित्र. दक्षिणेतल्या व्यापाऱ्याला गायस-ल्युशियसशी काही देणंघेणं नव्हतं. दोन माणसं आणि दोन ढाली दिसल्या की नाणं खरं, एवढं त्याला पुरत होतं. भारतात घडवलेल्या नकलाही सापडल्या आहेत. त्यांत आकृत्या जागच्या जागी आहेत पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. कर्नाटकातल्या चंद्रवल्लीच्या उत्खननात टायबेरियसचा डिनारियस सातवाहनकालीन थरांच्या संदर्भात मिळाला. तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून बनवलेली मातीची पदकं मिळाली, अंगावर घालायची. चित्र चलनातून दागिन्यात गेलं.

आपल्या बाजूची नोंद 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. भडोचच्या बंदरात सोन्याचांदीचे डिनारियस उतरतात आणि इथल्या पैशाशी बदलताना त्यात फायदा होतो, असं ती सांगते. त्याच पुस्तिकेत पैठण, तेर आणि कल्याणची नावं आहेत. हा व्यापार नुसता कागदावरचा नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५च्या सुमाराच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. आणि चेहऱ्याच्या नाण्याचं राजकारण आपल्याकडेही झालं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, सगळी क्षत्रप नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता.

पायरी ९: हातात घेताना, विकत घेताना

नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड असू द्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा ही दोनच साधनं सुरुवातीला पुरेत. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. काळपट थर ही चांदीची जपणूक आहे. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचे बारीक तपशील जातात, ते परत येत नाहीत.

खोट्या नाण्यांचे दोन प्रकार आहेत. जुन्या काळातली खोटी, म्हणजे आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा. झिजलेल्या जागी लालसर-हिरवट गाभा दिसतो. ही रोमन बनवेगिरी आहे आणि अभ्यासाला उत्तम. आजची खोटी बरीचशी साच्यात ओतलेली असतात: कडेला बारीक शिवण, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट. आणखी एक खूण म्हणजे दोन नाण्यांवर तीच चीर, तेच सरकलेलं चित्र, तीच झीज. हातानं पाडलेली दोन नाणी इतकी सारखी असूच शकत नाहीत.

कायद्याचं नीट समजून घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली येतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून घेतलंच तर परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊन. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी कुठं, किती खोल, कशात ठेवलेली होती ही माहिती नाण्यांइतकीच मोलाची असते, आणि हंडा परस्पर वाटून टाकला की ती कायमची जाते.

पायरी १०: आता एक नाणं तुम्ही सोडवा

दर्शनी बाजू: उजवीकडे बघणारा मुलगा, दाढी-मिशी नाही, डोक्यावर लॉरेल. लेख: अँटोनिनस पायस ए-व्ही-जी. मागची बाजू: मधोमध शत्रूच्या शस्त्रांचा विजयस्तंभ, दोन्ही बाजूंना जमिनीवर बसलेले बांधलेले कैदी. लेख: पी-ए-आर-टी, एम-ए-एक्स, पी-ओ-एन-टी, टी-आर-पी आणि चार उभ्या रेघा.

नाव वाचून दाढीवाला अँटोनिनस पायस मनात आला असेल तर चेहऱ्याकडे परत जा. हा पोरगा आहे, म्हणजे कॅराकॅला. पी-ए-आर-टी, एम-ए-एक्स हे बिरुद, 'पार्थियाचा महाविजेता'; पी-ओ-एन-टी म्हणजे पुरोहित. त्याला जनप्रतिनिधीचे अधिकार इ.स. १९८ मध्ये मिळाले, चार रेघा म्हणजे चौथं वर्ष, इ.स. २०१. त्याचा जन्म १८८चा. पार्थियावरची मोहीम त्याच्या वडिलांची, सेप्टिमियस सेव्हेरसची, आणि कैदी ज्याच्या नावानं बांधून दाखवलेत तो १३ वर्षांचा. राजघराणं पुढेही चालणार आहे, हे सैन्याला सांगण्यासाठी हे नाणं काढलंय. ओसीआरईवर सम्राटाच्या जागी कॅराकॅला आणि धातूच्या जागी चांदी निवडा, मागच्या बाजूचा लेख टाका, आणि तुमचं उत्तर ताडून बघा.